गटारातला मृत्यू ‘अकस्मात’ ठरू नये म्हणून

सेप्टिक टाकीत माणूस गेला की पहिल्या तासातच सगळे हात झटकतात. सोसायटी म्हणते, माणसं ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, तो आपणहून उतरला. पालिका म्हणते, टाकी खासगी आहे. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि विषय मिटतो. खोटं कोणाला फारसं बोलावं लागत नाही, नुसतं गप्प राहिलं तरी भागतं. ही सोय मोडायची तर सोसायटी, ठेकेदार, पालिका आणि पोलीस यांना कागदावर, म्हणजे लेखी नोंदीत, आणावं लागतं. कामगार संघटना, वार्ताहर किंवा त्याच सोसायटीतला सभासद, कोणालाही हे जमतं.

पहिला दिवस

संध्याकाळपर्यंत टाकीची झाकणं बसतात आणि जागा धुतली जाते. त्याआधी फोटो काढा: झाकण, दोरी, बादली, शिडी, अंगावरचे कपडे. पंचनाम्यात जे सापडलं तेच लिहिण्याची सवय असते. जे नव्हतं तेही लिहून घ्या. ‘घटनास्थळी गॅस मीटर, ब्लोअर, हार्नेस, श्वसनयंत्र आढळले नाही’ हे एक वाक्य पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

‘वास येत नव्हता, म्हणून माणूस आत सोडला’ हा बचाव हमखास येतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच जाते. वास न येणं म्हणजे टाकी सुरक्षित असणं नव्हे. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. म्हणून पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. शवविच्छेदनाआधी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवावा आणि वायूबाधेची शक्यता वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावी. नाहीतर कारण ‘बुडून’ असं लागतं आणि प्रकरण तिथेच संपतं.

फिर्याद

पोलीस बहुतेकदा भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, एवढंच लावतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. फिर्यादीत हेही मागा:

– हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं कलम ७ आणि ९. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलम ७ ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ कामाला लावणाऱ्याला धरतं, त्यामुळे ठेकेदाराला पुढे करून सोसायटी किंवा पालिका सुटत नाही.

– मृत अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(j). त्यात काम करवून घेणाऱ्याइतकाच ते करवू देणाराही येतो. जातीचा उल्लेख फिर्यादीतच करा, दाखला मागून जोडता येतो.

ठाण्याने टाळाटाळ केली तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात उपायुक्तांना पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. अत्याचार कायद्यातल्या कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. मात्र त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून चौकशीची मागणी वेगळ्या अर्जाने करा.

इथे बहुतेकजण फसतात ते मुदतीत. २०१३ च्या कायद्याच्या कलम १० नुसार तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लागते. ‘अहवाल येऊ द्या’ म्हणत थांबवलं जातं आणि तेवढ्यात मुदत उलटते. घटनेच्या तारखेपासून तीन महिने कॅलेंडरवर मोजून ठेवा.

माहितीचा अर्ज

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. कारणं विचारलीत तर अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. कागद मागा:

‘दि. … रोजी … येथे माणूस उतरवण्यास दिलेल्या लेखी परवानगीची प्रत. कामाचा कार्यादेश व मोजमाप पुस्तकातील नोंद. कामगारांच्या विम्याची प्रत. आवक क्र. … च्या पत्रावरील टिपणीची प्रत.’

पहिली ओळ महत्त्वाची. २०१३ च्या नियमांनुसार माणूस उतरवणं हा अपवाद आहे. त्यासाठी स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. उत्तर ‘माहिती निरंक’, म्हणजे असा कागदच नाही, आलं तर वैतागू नका. परवानगी नव्हती, हे संस्थेनेच सही-शिक्क्यानिशी कबूल केलेलं असतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. सोसायटीकडे हा अर्ज सहसा चालत नाही. तिथे सभासदानेच इतिवृत्त आणि खर्चाची व्हाउचरं पाहायला मागावीत.

शब्द नीट वाचा

जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितलं, हाताने मैला साफ करताना मृत्यूची नोंद नाही. पुढच्याच महिन्यात त्याच मंत्रालयाने गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना झालेले ९४१ मृत्यू मान्य केले. दोन्ही उत्तरं कागदावर बरोबर, कारण कायद्यात ‘हाताने मैला साफ करणे’ आणि ‘धोकादायक सफाई’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. म्हणून अर्जात दोन्ही शब्द लिहा. नाहीतर गल्लीतलं कार्यालयही दिल्लीचंच उत्तर देईल.

भरपाई

२० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. ‘खासगी सोसायटी, खासगी ठेकेदार’ म्हणून नकार मिळाला तर मुंबईतल्या गोवंडीचं प्रकरण दाखवा: डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या सोसायटीच्या टाकीत तिघे गेले, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारलाच पैसे द्यायला लावले, वसुली सरकारने जबाबदारांकडून करायची.

कार्यालयात तुम्हीच असाल तर

कनिष्ठ अभियंत्याला किंवा मुकादमाला ‘उतरव दोन माणसं’ हा आदेश नेहमी तोंडी येतो. त्याच दिवशी टिपणी लिहा: ‘मा. … यांनी दि. … रोजी … वाजता तोंडी सूचना दिली. नियमानुसार लेखी परवानगी व सुरक्षा साधने आवश्यक आहेत. आदेशार्थ सादर.’ आवक क्रमांक घ्या आणि पोच घरी ठेवा. फाईल बहुधा ‘चर्चा करा’ असा शेरा घेऊन परत येईल. चर्चा करा, आणि जे ठरलं ते त्याच दिवशी त्याच टिपणीखाली तारीख टाकून लिहा. फाईल पुन्हा वर पाठवा.