बीप वाजली म्हणजे वायर चांगली नव्हे

"स्टार्टच होत नाही हो. पण कधी कधीच."

हे 'कधी कधीच' ऐकलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो. पूर्ण मेलेली गाडी परवडली. ती निदान समोर पडून असते, मीटर लावा, खोला, शोधा. अधूनमधून रुसणारी गाडी मालकापुढे रुसते आणि आपल्यापुढे पहिल्या सेल्फला सुरू होते. मग मालक आपल्याकडे बघतो आणि आपण बॉनेटकडे.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग हे ज्यांच्या हाताला आलंय आणि आता पहिल्यांदाच कोणीतरी ज्यांना "बघ रे, काय झालंय तिला" म्हणालंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. खोलणं-बसवणं सहा महिन्यांत हातात बसतं. फॉल्ट शोधणं हे निराळंच काम आहे, आणि चांगला फिटर चांगला फॉल्ट शोधणारा असेलच असं नाही. मी स्वतः तीन वर्षं चांगला फिटर होतो आणि फॉल्टच्या बाबतीत ठार अडाणी.

माझी खोड मोडली ती एका जुन्या, केबलच्या ॲक्सिलरेटरच्या गाडीने. तक्रार वर लिहिलीय तीच. चावी फिरवली की कधी झकास सुरू, कधी नुसतं टक्. बॅटरी तपासली, 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. तरी बदलली, कारण जुनी होती आणि मला काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं. दोन दिवसांनी गाडी परत. मग सेल्फ मोटर, म्हणजे सुरू करताना इंजिन फिरवणारी मोटर, उतरवली, बाकावर टेकवून फिरवून बघितली, छान फिरली. तरी नवी बसवली. चार दिवसांनी गाडी परत आली, तीही टो करून. मालक ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो काहीच बोलला नाही.

अर्थिंगची शंका मला आली नव्हती असं नाही, आणि इथेच मी फसलो. इंजिनापासून बॉडीकडे जाणारी तांब्याच्या जाळीची पट्टी मी तपासली होती. मीटर कंटिन्युटीवर, म्हणजे वाट जोडलेली असेल तर बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर टाकला, एक टोक इंजिनाला, एक बॉडीला. बीप! अर्थ चांगला, पुढे चला. त्या बीपवर माझे पुढचे दहा दिवस गेले.

शेवटी एकदा मालकाला सेल्फ मारायला लावून मी इंजिनावर वाकलो होतो, तेव्हा मनगट ॲक्सिलरेटरच्या केबलला लागलं. गरम. चहाच्या कपासारखी गरम. इंजिन थंडगार, सकाळपासून एकदाही चाललेलं नाही, आणि केबल गरम कशी? सेल्फचा करंट इंजिनातून बॅटरीकडे परत जायला वाट शोधत होता. मुख्य वाट बंद, म्हणून तो त्या बारीक पोलादी तारेतून जात होता. पट्टीचा बोल्ट सोडला. वरून चकचकीत होती. लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या आत, जिथे जाळी दाबून बसवलेली असते, तिथे हिरवी भुकटी. जाळीतल्या शंभरेक तारांपैकी धड किती उरल्या होत्या ते मोजायची गरजच नव्हती.

मग बीप का वाजली? हे नीट समजून घ्या. मी पाल्हाळ लावतोय असं वाटेल, वाटू दे.

कंटिन्युटीवर मीटर वायरीतून अगदी किरकोळ करंट सोडतो. तेवढ्या करंटला एक तार पुरते. पन्नास माणसांचा पूल मुंगी चालवून तपासावा तसलं ते. बऱ्याच मीटरची बीप तर काही दहा ओहमपर्यंत वाजत राहते. बरं, बीप सोडा, ओहम मोजू म्हणाल, तर साध्या मीटरला 0.1 ओहमच्या खालचं धड दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच तेवढा अडथळा असतो. आणि सेल्फ साधारण 150 अँपिअर ओढत असेल, तर नुसत्या 0.02 ओहमवर 3 व्होल्ट खलास होतात. 150 गुणिले 0.02. शाळेतलाच हिशोब, पण मी तो पाना हातात घेतल्यावर विसरलो होतो. म्हणजे गाडी बंद पाडायला जेवढा अडथळा पुरतो, तेवढा ओहमच्या काट्यावर दिसतच नाही.

उलट बाजूनेही तेच. करंट वाहत नसताना खराब वायरीच्या टोकाला व्होल्ट मोजलात तर पूर्ण 12 दिसतात. करंट शून्य, म्हणून वाटेतली गळतीही शून्य. "सप्लाय तर येतोय!" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणालोय की आता कोणी म्हटलं की दात शिवशिवतात. काम चालू असताना येतोय का, ते सांग.

तेव्हा मोजायचं ते काम चालू असताना. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, नळीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर सुरू झालंच तर लगेच बंद पडेल. गिअर न्यूट्रल, हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर, कारण खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्येच कितीदा घाण असते. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वाट साफ असेल तर एखाद-दोन दशांश व्होल्ट दिसतील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तिथेच थांबा, तुमचं गिऱ्हाईक सापडलं. तसंच पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट.

त्या गाडीचे आकडे माझ्या वहीत आहेत. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवर 11.1 व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजूला गेले 0.3. सेल्फला मिळाले 7.9. अर्थच्या बाजूला गेले 2.9. बेरीज करून बघा, पै न् पै जुळते. मी बदललेली बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष होते हे त्या चार आकड्यांत लिहिलेलं होतं. पाच मिनिटांचं काम, आणि मी ते शेवटी केलं.

एक सावधगिरी. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिलेली असेल आणि तुम्ही ती तशीच बॅटरीवर टेकवलीत, तर तुम्ही सरळ शॉर्ट केलाय. नशीब चांगलं असेल तर मीटरचा फ्यूज उडेल. मी दोन उडवलेत.

आता याच्यावरून एक सवय लागली ती सगळीकडे उपयोगी पडली. कोणताही भाग आरामात बसलेला असताना दिलेल्या साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्ट वाचणाऱ्या स्कॅनरने पी0171 हा कोड दाखवला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पोरं लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवतात. अहो, तो सेन्सर बिचारा खरं बोलतोय! हवा जास्त आहे एवढंच तो सांगतोय, कुठून येते ते तुम्ही शोधायचं. एका गाडीत स्लोवर, म्हणजे रेस न देता, सगळं ठीक होतं. गिअर टाकून ब्रेकवर धरून थोडी रेस दिली की इंजिन मागे झुकायचं आणि एअर फ्लो सेन्सरनंतरच्या रबरी नळीच्या घडीतली चीर उघडायची. इंजिन सरळ झालं की चीर बंद. नळी हातात घेऊन वाकवली नसती तर जन्मात दिसली नसती.

स्कॅनरवर राग नाही माझा. पण कोड म्हणजे पत्ता नव्हे, फार तर गल्लीचं नाव. आणि गाडी हातात आल्या आल्या कोड पुसणाऱ्यांना माझ्याकडे माफी नाही. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते: फॉल्ट आला तेव्हा वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती. 'कधी कधीच'च्या गाडीत तोच एक साक्षीदार असतो आणि लोक एका बटणात त्याला मारून टाकतात. आधी फोटो काढा, मग काय ते करा.

त्याहून मोठा साक्षीदार म्हणजे मालक. त्याला "काय झालं" विचारू नका, तो "पंप गेलाय" असं निदान सांगेल. "कधी होतं" विचारा. थंड असताना की गरम? पाऊस पडल्यावर? पेट्रोल भरून निघताना? हा शेवटचा प्रश्न मी एका बाईंना सहज विचारला तर त्या म्हणाल्या, "हो, नेमकं पंपावरूनच निघताना त्रास देते." टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. टाकी भरताना वाफ ढकलली जायची आणि इंजिन पेट्रोलाने गुदमरायचं. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात त्याच गाडीचे प्लग, कॉइल सगळं बदलून झालेलं होतं म्हणे.

चाकातून घुंई घुंई आवाज असेल तर मोकळ्या रस्त्यावर लांब वळण घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. आवाज तेव्हा वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग. वळणाने फरकच पडत नसेल तर आधी टायर हाताने चाचपा. जॅकवर चाक फिरवून "काही आवाज नाही" म्हणणारे खूप भेटतात. जॅकवर त्या बेअरिंगवर वजनच नसतं.

उस्तादांविषयी थोडं. मला दोन मिळाले. पहिल्याचा कान असा की लांबून गाडी येताना टॅपेट वाजतोय की चेन ते सांगायचा. पण विचारलं की "बघून शीक". बघून मी फक्त तो काय बदलतो ते शिकलो, का बदलतो ते नाही. माझी बॅटरी-सेल्फची फजिती त्याचंच फळ. दुसऱ्याला इंजिनाचं तेवढं ज्ञान नव्हतं, पण तो मोजल्याशिवाय पाना उचलू द्यायचा नाही आणि चुकला की सगळ्यांसमोर "चुकलो रे" म्हणायचा. निवड करता आली तर दुसरा शोधा. पाना फेकून मारणाऱ्याला उस्ताद म्हणायची पद्धत मला कधीच पटली नाही. व्हिडिओही बघा, माझी ना नाही, फक्त व्हिडिओतल्याच आजाराची गाडी दारात येईल या भ्रमात राहू नका.

काही गोष्टींवर मात्र अनुभव घ्यायचा नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, घोडी, म्हणजे खालून आधार देणारा स्टँड, लावल्याशिवाय नाहीच, दोन मिनिटांचं काम असलं तरी. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं, झाकण सैल झालं की एकदम उकळून तोंडावर येतं. माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला त्याचा डाग आहे. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबलींना प्रशिक्षण घेतल्याशिवाय बोट लावू नका. 12 व्होल्टची सवय तिथे जीव घेते.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं डोक्यात कधी बसणार. बसतं. मला पहिली दोन वर्षं रोज रात्री वाटायचं की आपण या कामाचे नाही. ज्या गाडीवर मी चार दिवस घालवले तीच उस्तादाने अर्ध्या तासात सोडवली की जेवण जात नसे. नंतर कळलं की त्याचे चार दिवस दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुठल्या गाडीवर गेले होते. एक वही ठेवा. तक्रार काय, मोजलं काय, निघालं काय, तीन ओळी. माझ्या पहिल्या वहीत 'निघालं काय'च्या पुढे निम्म्या ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे, आणि त्यातली काही अजून तशीच आहेत.

ती पट्टी मी टाकली नाही. बाकावरच्या खिळ्याला टांगलीय. नवीन पोरगा आला की त्याच्या हातात मीटर देतो आणि म्हणतो, बघ रे, ही चांगली आहे का. तो दोन्ही टोकांना वायरी टेकवतो, बीप वाजते, तो म्हणतो चांगली आहे. मग मी बाहेरच्या गाडीची अर्थची पट्टी सोडून त्या जागी ही लावतो आणि त्याला म्हणतो, जा, सेल्फ मार.