लोंबती चामखीळ कशी ओळखावी आणि कशी काढावी

आपण 'चामखीळ' या एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टींचा उल्लेख करतो, आणि बहुतेक चुकीचे सल्ले तिथूनच सुरू होतात. विषाणूमुळे उठणारी चामखीळ रुंद बुडाची आणि हाताला खरखरीत लागणारी असते. तिच्यात अनेकदा बारीक काळे ठिपके दिसतात आणि ती पसरते. डॉक्टर जिला 'स्किन टॅग' म्हणतात, ती मात्र मऊ असते, बारीक देठावर लोंबते, बोटाने ढकलली तर सहज हलते आणि संसर्गाने पसरत नाही. मान, काख, जांघ, पापण्या अशा जिथे त्वचा घासली जाते त्या जागी ती बहुधा आढळते.

हा फरक मला ठाऊक नव्हता तेव्हा मी चामखिळीवरचे सॅलिसिलिक आम्लाचे औषध मानेवरच्या लोंबत्या गाठीला आठवडाभर लावले. गाठ जागीच राहिली, भोवतालची कातडी मात्र भाजली आणि तिथला काळा डाग जायला कित्येक महिने लागले. म्हणून आधी ती चिमटीत धरून, चांगल्या उजेडात आरशात पाहावी. रंग एकसारखा नसेल, कडा वेड्यावाकड्या असतील, ती झपाट्याने वाढत असेल किंवा धक्का न लागताही रक्त येत असेल, तर कोणताही उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मानेची कातडी मखमलीसारखी जाड व काळपट झाली असून अशा गाठी पुष्कळ असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

ती टोचत किंवा अडकत नसेल, तर तशीच राहू देण्यात काही धोका नाही.

काढायचीच असेल तर दवाखान्यातच काढावी. डॉक्टर ती कात्रीने कापतात, विजेच्या उपकरणाने जाळतात किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. काम काही मिनिटांचे असते. दोरा बांधण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण दोरा सैल बसला तर गाठ गळून न पडता सुजते, ठणकते आणि प्रसंगी तिच्यात पू होतो. मधुमेह असणाऱ्यांनी व रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये, आणि पापणीवरच्या गाठीला तर घरी हातही लावू नये.

नंतर जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी आणि खपली आपोआप पडू द्यावी.