‘जोडा’ म्हणावा कुठं, ‘जोडे’ काढावेत कुठं

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी आमच्या सोप्यात बसून, कोल्हापुरात बदलून आलेल्या बँकवाल्यांना मराठी शिकवते. ‘ळ’ दक्षिणेकडच्यांना आयताच येतो, ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला ‘च’ महिन्याभरात जमतो. गाडी अडते ती ‘जोडा’पाशी. तुमच्या घरी परमुलखातली सून मराठी शिकत असेल तर हा शब्द असा शिकवा.

आधी वचन. माझी एक विद्यार्थिनी, त्रिशूरची, लग्नाच्या रिसेप्शनला गेली आणि नवऱ्यामुलाच्या आत्याला मोठ्या आदबीनं म्हणाली, “तुमचे जोडे फार शोभून दिसतात हो.” आत्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग नवरदेवाच्या. मोजडी नवीकोरी होती म्हणून वेळ निभावली. पोरीचा हिशेब सरळ होता: माणसं दोन, शिवाय मान द्यायचा, म्हणजे अनेकवचन. पण नवरा-बायको दोघं मिळून ‘जोडा’ एकच. लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणतो ना, तसा. त्याचं ‘जोडे’ केलंत की तो पायात उतरतो. स्टेजवर दोन-तीन नवरा-बायको उभे असतील तर गुमान ‘जोडपी’ म्हणावं.

दुसरा घोटाळा मोजणीचा. तिच्या मल्याळममध्येही ‘जोडी’ आहे, चपलांचीसुद्धा जोडीच असते, त्यामुळे तिला या बाबतीत जरा जास्तच खात्री. चप्पल लाईनीत जाऊन तिनं ऐटीत सांगितलं, “सहा नंबरचे दोन जोडे द्या.” पाय दोन, म्हणून जोडे दोन. दुकानदारानं कापशी चपलांचे दोन डबे बांधले. परत कर म्हटलं तर लाजेनं करेना. आता यात चूक कुणाची? ‘जोडा’ म्हणजे जोडी, आणि त्याच जोडीतला एक नगही ‘जोडा’च: डावा जोडा, उजवा जोडा. म्हणून दुकानात ‘एक जोड द्या’ म्हणायचं. कपडेही तसेच, प्रवासाला दोन जोड पुरतात. आणि खरं सांगायचं तर दुकानात आता ‘जोडे’ कुणी मागत नाही. बूट मागतात, चप्पल मागतात, आमच्याकडची जुनी माणसं पायताण मागतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘कोल्हापुरी चपले’ला, पण भांडणात अजून पायताणच निघतं. ‘पादत्राणे’ फक्त देवळाबाहेरच्या पाटीवर असतात, तोंडात कुणाच्या नसतात. आणि पालखीतल्या पादुका या पादुकाच. तिथं दुसरा कुठलाही शब्द वापरायचा नाही, ही सूचना मी पहिल्याच दिवशी देऊन ठेवते.

‘जोड्यानं’ हे रूप फळ्यावर लिहून दाखवावं लागतं. ‘पूजेला जोड्यानं या’ आणि ‘त्याला जोड्यानं मारलं’. अक्षरं तीच. पहिल्यात बायकोला घेऊन जायचं, दुसऱ्यात जायचंच नाही. शंका असेल तर ‘जोडीनं या’ म्हणावं, त्यात मार नाही. त्यातून कुणी मुलाची प्रश्नपत्रिका आणून ‘योग्य जोड्या लावा’ म्हणजे काय विचारतो. हे ‘जोडी’चं अनेकवचन, याच्याशी चपलेचा काही संबंध नाही, असं सांगून पुढं जायचं. जोडाक्षर, जोडधंदा, बोटातली जोडवी ही सगळी त्याच घरातली भावंडं. ती एकदा रांगेत उभी करून दाखवली की पुरे.

मग वाक्प्रचार. हे पाठ करून घेऊ नयेत, ज्याचे त्याचे प्रसंग सांगावेत. वारसनोंदीसाठी माझ्या वडिलांनी तीन वर्षं जोडे झिजवले, एवढं सांगितलं की बँकेतल्या माणसाला अर्थ लगेच कळतो, कारण त्याच्या काउंटरसमोरही कुणीतरी झिजवतच असतं. साहेबाचे जोडे उचलणारा कोण, हे तर ते मलाच सांगतात. ‘कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ हे मात्र जपून. एकानं हे वाक्य झेरॉक्सवाल्याला ऐकवलं होतं. वर्तमानपत्रात ‘जोडे मारो आंदोलन’ असतं, तिथं फोटोत बहुधा चप्पलच दिसते, पण मथळ्याला जोडेच लागतात. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण मी बोलायला शिकवत नाही. बाईमाणसाला आणि हाताखालच्याला जागा दाखवायलाच ती वापरलेली मी ऐकली आहे. समोरचा बोलला तर ओळखता यावी, इतकीच सांगते.

सगळ्यात वेळ लागतो शालजोडीतल्याला. शालजोडी म्हणजे दोन शालींची जोडी, मानाची वस्तू. तिच्यात गुंडाळून मारलेला जोडा तो ‘शालजोडीतला’. मारताना आवाज चढवायचा नाही, ‘अहो-जाहो’ सोडायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. पाहुणे तासभर उशिरा आले तर दार उघडून म्हणायचं, “अगंबाई, उद्या येणार होता ना? बरं झालं लवकर आलात.” आणि लगेच पाण्याचा तांब्या पुढं करायचा. तांब्या विसरलात तर नुसतं भांडण होतं.

त्रिशूरच्या पोरीला हे काही केल्या जमेना. चिडली की ती सरळ चिडायची. परवा मी मंडईत अडकले आणि शिकवणीला पाऊण तास उशीर झाला. ती पायरीवर बसून होती, पायात तो दुसरा जोड. मला बघून उठली, हातातली पिशवी घेतली आणि शांतपणे म्हणाली, “बाई, एवढी घाई कशाला केलीत? भाजी निवडूनच यायचं होतं.”