बर्फ गेल्यापासून पहिली कॅनू निघेपर्यंत : हंगामाआधीची कामे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंडरी वॉटर्स हे दहा लाख एकरांहून मोठे संरक्षित रान आहे. हजारावर सरोवरे आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा, ज्यांना तिथे पोर्टेज म्हणतात. बहुतेक भागात मोटरबोटीला बंदी. माणूस कॅनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती हलकी होडी, वल्हवतो, सरोवर संपले की ती खांद्यावर घेऊन पुढच्या पाण्यापर्यंत चालतो. ईली गावाभोवती आणि गनफ्लिंट ट्रेल या रस्त्यालगत अशा प्रवाशांना कॅनू, तंबू, शिधा आणि परवाना पुरवणारे आउटफिटर आहेत. त्यांतले बरेच घरचे व्यवसाय आहेत. तिथे वसंतात कामाला लागणाऱ्यांसाठी हे टिपण.

रोज किती गटांना आत सोडायचे याचा कोटा १ मेपासून लागू होतो आणि वॉलआय माशाच्या मासेमारीचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो. सरोवरांवरचे बर्फ मात्र कधी एप्रिलअखेर जाते, कधी मेचा मध्य गाठते. त्यामुळे कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे थर्मामीटर पाहून ठरवा.

शेड उघडताना

हिवाळाभर उंदरांनी तंबूंच्या थैल्यांत आणि उलट्या ठेवलेल्या कॅनूंच्या टोकांत घरे केलेली असतात. कोरडा झाडू अजिबात मारू नका. उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस फुफ्फुसांत जाऊ शकतो. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, हातमोजे घाला, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी असे मिश्रण घाणीवर शिंपडून ५ मिनिटे मुरू द्या, मग कागदाने टिपून घ्या.

पाणी

रात्रीचे तापमान सलग काही दिवस शून्याखाली गेले नाही की पाइपांत पाणी सोडा. आधी सर्व ड्रेन बंद करा आणि लांबच्या टोकाचा नळ उघडा ठेवा. मुख्य व्हॉल्व्ह थोडासाच आणि हळूहळू उघडा, नाहीतर अडकलेल्या हवेमुळे पाइपांना हादरे बसून जोड सुटतात. तांब्याचा पाइप गोठला तर लांबीच्या दिशेने फाटतो. प्लास्टिकचा लवचीक पाइप सहसा तगतो, पण त्याचे जोड तडकतात. तेव्हा टॉर्च घेऊन आधी जोड तपासा.

इलेक्ट्रिक गीझर शेवटी चालू करायचा. गरम पाण्याच्या नळातून फुरफुर न होता अखंड धार येईपर्यंत बटणाला हात लावू नका. टाकी अर्धवट भरलेली असली तर कॉइल काही सेकंदांत जळते. दरवर्षी सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

मग विहिरीत आणि पाइपांत क्लोरीन घाला. प्रत्येक नळाला वास येऊ लागला की १२ ते २४ तास तसेच राहू द्या. नंतर हे पाणी बाहेर सोडताना सेप्टिक टाकीत किंवा सरोवरात जाऊ देऊ नका. टाकीतले उपयोगी जीवाणू मरतात आणि पुढे महिनाभर दुर्गंधीने हैराण व्हाल. वास पूर्ण गेल्यावरच तपासणीसाठी नमुना घ्या. क्लोरीन शिल्लक असताना घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही.

आगीचा पंप

बर्फ वितळले आणि पालवी अजून फुटली नाही, हे दोन-तीन आठवडे इथे वणव्याचे. गेल्या वर्षीचे गवत कागदासारखे कोरडे असते. मे २००७ मध्ये हॅम लेकजवळ शेकोटीतून लागलेल्या आगीत सीमेच्या दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ७५,००० एकर रान जळाले. ४ जुलै १९९९च्या वादळात लक्षावधी झाडे आडवी झाल्यानंतर गनफ्लिंट ट्रेलवर बऱ्याच इमारतींना फवाऱ्यांची यंत्रणा बसवली होती. २००७ मध्ये तिने अनेक घरे वाचवली. म्हणून किनाऱ्यालगतचे पाणी मोकळे झाले की होड्या लावायचा धक्का आणि कॅनू यांची कामे बाजूला ठेवून, या फवाऱ्यांना सरोवराचे पाणी देणारा पंप पहिला लावावा.

पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी तळापासून हात-दीड हात वर ठेवा, नाहीतर गाळ येतो. पंपाच्या पोटात आधी पाणी भरा. कोरडा फिरवला तर त्याचे सील मिनिटभरात जाते. मग यंत्रणा अर्धा तास चालवा आणि छतावरचा एकेक फवारा फिरतो का ते खाली उभे राहून पाहा. तोंडात किड्यांनी घर केले असेल तर तारेने मोकळे करा. हे फवारे ज्वाळा विझवण्यासाठी नाहीत. आग पोचण्याच्या कितीतरी तास आधी सुरू करून भोवतालची जमीन आणि हवा दमट ठेवणे हा त्यांचा उपयोग.

धक्का

आपल्या खाडीतले बर्फ गेले म्हणून चाकांचा धक्का पाण्यात ढकलू नका. सरोवराच्या मध्यावर अजून तरंगणारे बर्फ वारा फिरला की किनाऱ्यावर चढते आणि लोखंडी पाय काडीसारखे वाकवते. पूर्ण सरोवर मोकळे होऊ द्या. बर्फवितळीचे पाणी आधी चढते, मग हळूहळू उतरते, म्हणून पायांच्या पकडी जूनपर्यंत हाताने सोडता येतील अशाच ठेवा. पाण्यात एकट्याने उतरायचे नाही.

कॅनू : सर्वांत जास्त वेळ इथे

केवलारची (मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाची) साडेअठरा फुटी हलकी कॅनू साधारण १९ किलोची, ॲल्युमिनियमची सतरा फुटी ३१ ते ३४ किलोची. पोर्टेजची लांबी रॉडमध्ये सांगतात. १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कॅनूएवढा. २०० रॉड, म्हणजे सुमारे एक किलोमीटर, डोक्यावर कॅनू घेऊन चालणाऱ्याला हा फरक पावलोपावली कळतो. म्हणून दुरुस्तीत वजन वाढू न देणे हेच खरे कसब.

कॅनू धुऊन वाळवा आणि लाकडी घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) पालथी ठेवा. आधी तळहात फिरवा, मग आतून दिवा धरा. बारीक पांढऱ्या रेषा म्हणजे कापडात मुरवलेले रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ) तडकले आहे, कापड शाबूत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. अंगठ्याने दाबल्यावर जागा दबत असेल किंवा नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल तर आतल्या फोमपासून थर सुटला आहे. पुढचे टोक, बैठकींच्या खालचा भाग आणि मधल्या जुवाच्या (कॅनू खांद्यावर घेण्यासाठीच्या आडव्या दांड्याच्या) बाजूच्या काठपट्ट्या, इथे बहुतेक दोष सापडतात.

ठिगळ आतून केवलारचे आणि बाहेरून फायबरग्लासचे लावावे. केवलार घासला की पिंजतो आणि कधीच गुळगुळीत होत नाही. फायबरग्लास घासून सपाट करता येतो. भेगेभोवतीची जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसती खरखरीत करा. कापड उघडे पडेपर्यंत घासायचे नाही. ॲसिटोनने पुसा. ठिगळ भेगेच्या चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठे कापा आणि कोपरे गोल ठेवा, कारण चौकोनी कोपरा पहिल्याच दगडावर उचलला जातो. इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारे रेझिन) डब्यावरच्या प्रमाणानेच, मोजून, एका वेळी ५०-६० मिलिलिटर कालवा. जास्त कालवले तर कपातच तापून घट्ट होते. कापड भिजून पारदर्शक दिसले की पुरे, उरलेले रेझिन प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढा. जादा रेझिन वजन वाढवते, ताकद देत नाही.

शेड २४ तास १८ ते २० अंशांवर ठेवता येत नसेल तर हे काम पुढे ढकला. थंडीत लावलेले इपॉक्सी आठवड्यानंतरही चिकट राहते आणि सगळे खरवडून पुन्हा करावे लागते. वाळल्यावर वर मेणचट थर आला तर तो साध्या पाण्याने धुवा. तसाच ठेवून दुसरा हात दिला तर तो धरत नाही.

ॲल्युमिनियमच्या कॅनूत गळती शोधायची तर ती गवतावर ठेवून बोटभर पाणी भरा. घोड्यांवर ठेवून भरू नका, वजनाने तळ वाकतो. थोड्या वेळाने एक बाजू उचलून कुठला रिव्हेट ठिबकतो ते पाहा आणि खडूने खूण करा. रिव्हेट घट्ट करायला दोघे लागतात. एकाने आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची.

शेवटी जुवाचे बोल्ट आवळा आणि कॅनू खांद्यावर घेऊन पाहा. मागचे टोक किंचित खाली झुकले पाहिजे, म्हणजे चालणाऱ्याला वाट दिसते. प्रत्येक कॅनूचा क्रमांक आणि दुरुस्ती वहीत लिहा, आणि ती वही घरातल्या एकाच्याच हाती असू द्या.

सामान आणि शिधा

तंबू प्रत्येक वेळी पूर्ण उभारून पाहा, खांब मोजून भागत नाही. लाइफ जॅकेटचे कापड नखाने फाटत असेल तर ते बाद. शिध्याच्या पिंपांचे रबरी वायसर बदला, कारण वास बाहेर गेला की अस्वल येते.

माणशी दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरा. खाण्यापिण्याचे डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या रानात नेता येत नाहीत. मिनियापोलिसहून येणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात लोणच्याची काचेची बरणी हमखास निघते, ती आधीच प्लास्टिकच्या डबीत रिकामी करून द्यावी. पोहे, उपमा, मुगाची खिचडी उत्तम चालते. तुरीची डाळ मात्र कुकरशिवाय इंधन संपवते.

पहिला गट सोडताना

एका गटात जास्तीत जास्त ९ माणसे आणि ४ कॅनू. परवाना गटप्रमुखाने ओळखपत्र दाखवून स्वतः घ्यायचा असतो.

मेच्या सुरुवातीला पाणी ४ ते ८ अंशांवर असते. प्रत्येक गटाला हे आकडे तोंडपाठ करायला लावा : पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय नीट हलतात ती १० मिनिटे, शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणून लाइफ जॅकेट अंगावरच हवे, बैठकीखाली नको. मार्ग किनाऱ्याने आखा. लहान, उथळ सरोवरे आधी मोकळी होतात आणि मोठ्या, खोल सरोवरांवर बर्फ नंतरही टिकते, त्यामुळे नकाशावर सलग दिसणारी वाट मध्येच अडू शकते. परत फिरायचे ठिकाण आणि दिवस निघण्याआधी नकाशावर पेन्सिलीने लिहून द्या आणि त्याची एक प्रत कार्यालयात ठेवा.

गाडीत बसण्याआधी दर कॅनूमागे एक जादा वल्हे मोजा. मेच्या उत्तरार्धात निघणाऱ्यांना डोक्यावरची जाळीही द्या, चावणाऱ्या काळ्या माश्या तोवर आलेल्या असतात.