गच्चीवर काठी उभी करा आणि मुंबईचा अक्षांश मोजा

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पण हा आकडा स्वतःच्या गच्चीवर, काठीच्या सावलीवरून मोजता येतो. घरात मुलं असतील तर त्यांना घेऊन नक्की करा.

आधी आकड्याचा अर्थ. विषुववृत्त म्हणजे शून्य अंश. तिथून उत्तरेला किंवा दक्षिणेला एक अंश सरकलं की साधारण १११ किलोमीटर होतात. चर्चगेटहून विरार लोकलमध्ये बसून शेवटपर्यंत गेलात तरी जेमतेम अर्धा अंश! १९ गुणिले १११, म्हणजे विषुववृत्त आपल्या दक्षिणेला सुमारे २,१०० किलोमीटरवर. ते मालदीवच्या बेटांमधून जातं.

आता मोजणी. दिवस २० किंवा २१ मार्चचा धरा. तेव्हा सूर्य नेमका विषुववृत्तावर असतो, त्यामुळे भर दुपारी तो आपल्या डोक्यापासून जितके अंश दक्षिणेला कललेला, तितकाच आपला अक्षांश. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेलाही हे जमतं, पण मुंबईत तेव्हा ढगांचा भरवसा नसतो.

एक मीटरची सरळ काठी कुंडीतल्या मातीत घट्ट रोवा. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा आणि काठी दोन्ही बाजूंनी सरळ आहे ना ते बघा. उंची कुंडीच्या तळापासून, म्हणजे गच्चीच्या लादीपासून मोजायची आणि ती बरोबर १०० सेंटिमीटर ठेवायची. सावलीची लांबीही काठीच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धरायची. साडेबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. बारालाच का नाही? आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाप्रमाणे चालतात आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, म्हणून मार्चमध्ये सूर्य सर्वांत उंच यायला इथे पावणेएक होतो. सर्वांत आखूड सावली तीच आपल्या कामाची, आणि ती थेट उत्तर दाखवते.

ती ३४ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ, तिच्या पायाशी काटकोनात ३.४ सेंटिमीटरची आडवी रेघ काढून टोकं जोडा. वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा: १९ अंश! सावलीची कड धूसर असते, तेव्हा घाई नको. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अर्धा अंश, म्हणजे पुन्हा चर्चगेट ते विरार.

रात्री ताळा पाहायचा तर ध्रुवतारा शोधा. तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे मुंबईत जवळजवळ दोन मुठी.

बाकीच्या जागांसाठी मोबाइलचा नकाशा पुरे. जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, त्यातला पहिला अक्षांश. सीएसएमटीचा १८.९४. मादागास्करच्या अंतानानारिवोचाही जवळजवळ तोच, पण उणे चिन्हासह, म्हणजे विषुववृत्ताच्या पलीकडे तितकंच दूर.

काठी मात्र काढू नका. १५ मेच्या सुमारास दुपारी १२:३५ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत, ऊन पडलंच तर, दुपारची सावली दक्षिणेला पडलेली दिसेल.