इंजिनवाल्या सायकलची चेन ताणण्याआधी घट्ट जागा शोधा

इंजिन बसवलेल्या सायकलची चेन आज ताणली की चार दिवसांत पुन्हा खडखडते, नाहीतर चाक जड जातं. बऱ्याचदा चेन चांगलीच असते. चाकाच्या तारांवर रबर घालून आवळलेलं मागचं दातेरी चक्र (स्प्रॉकेट) मध्यातून जरासं सरकलेलं असतं, त्यामुळे एकाच फेऱ्यात चेन कधी घट्ट, कधी ढिली होते.

१. स्पार्क प्लगची कॅप काढा. मागचं चाक अधांतरी ठेवा, क्लच दाबून लॉक करा.
२. चाक थोडं फिरवा, थांबवा, चेन मधोमध दाबून बघा. सगळ्यात कमी हलते तिथे टायरवर खडूने खूण करा.
३. ताण त्याच जागी लावा. चेन साधारण १२ मिलिमीटर वरखाली हलली पाहिजे. ढिल्या जागी ताणलीत तर घट्ट जागेवर बेअरिंग ओढलं जातं.

फरक जास्तच असेल तर चक्राचे नट सैल करून ते मध्यात आणा आणि समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळा. रोज उद्यमनगरला ये-जा असेल तर कोल्हापूरच्या पावसात हे दर आठवड्याला बघाच. चिखल रॉकेलच्या फडक्याने पुसून मगच तेल सोडा.

चाक फिरत असताना चेनजवळ बोट नेऊ नका.