आधी पेडल, मग लिव्हर: ऑटोक्रॉसच्या स्विफ्टला हायड्रॉलिक हँडब्रेक बसवताना

नागपुरात हिंगणा रोडवरच्या माझ्या गॅरेजला ऑटोक्रॉसवाले, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळाशी शर्यत लावणारे पोट्टे येतात ते हँडब्रेकचा लिव्हर हातात घेऊनच. ऑनलाइन मागवलेला, लाल-निळा, चकचकीत. "भाऊ, संध्याकाळपर्यंत लावून होते न?" होत नाही. संध्याकाळपर्यंत लिव्हर गाडीत उभा राहील, पण खरं काम ब्रेकच्या पाइपांचं असतं.

हायड्रॉलिक हँडब्रेक म्हणजे पेडलकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या पाइपच्या मध्येच बसवलेला एक छोटा मास्टर सिलिंडर, म्हणजे पिस्टनने ब्रेक ऑइलवर दाब आणणारी नळी. लिव्हर ओढून मागची चाकं क्षणभर लॉक करायची आणि वळणावर गाडी झटक्यात फिरवायची, यासाठी तो. पेडल दाबलं की ऑइल त्याच्यातून आरपार जातं. लिव्हर ओढला की पिस्टन सरकतो, पेडलकडून येणारं भोक बंद होतं आणि पुढ्यातलं ऑइल मागच्या चाकांवर ढकललं जातं. म्हणजे लिव्हरला हातही लावला नाही तरी मागच्या ब्रेकचं ऑइल दरवेळी त्याच सिलिंडरमधून जाणार. तिथे गोंधळ झाला तर वळणावर गाडी फिरत नाही एवढंच होत नाही, सरळ रस्त्यावर पेडलही दगा देतं.

इथे उदाहरण जुन्या पेट्रोल स्विफ्टचं घेतोय, कारण आमच्याकडे मुरमाच्या मैदानावर तीच जास्त धावते. मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. तुमच्या गाडीत एबीएस असेल तर ही रीत तशीच्या तशी लावू नका. मागचं चाक लॉक होताना दिसलं की एबीएस ते सोडवायलाच धावणार.

पहिलं काम बोनेट उघडून पाइप शोधायचं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन सर्किट तिरके असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकात, उरलेली दोन दुसऱ्यात. एक फुटलं तरी एक पुढचं चाक हाताशी राहतं. लोक काय करतात, मागचे दोन्ही पाइप टी लावून एकाच सिलिंडरमध्ये घालतात आणि पुढचे तसेच ठेवतात. त्याने दोन्ही सर्किट एक झाले. आता एका व्हील सिलिंडरची (चाकातल्या ब्रेक सिलिंडरची) गळती सगळ्या गाडीचा ब्रेक घेऊन जाते. कोणी कितीही पैसे दिले तरी हे जोडकाम मी करत नाही.

बरोबर रस्ते दोन. एक, लिव्हरवर दोन सिलिंडर, प्रत्येक मागच्या पाइपला एक. सर्किट तिरकेच राहतात, पण दोन्हीकडे सारखा जोर यायला मधला बॅलन्स बार, म्हणजे दोघांत जोर वाटणारा दांडा, नीट जुळवावा लागतो. दुसरा, मुख्य मास्टर सिलिंडरच्या एका तोंडाला पुढची दोन्ही चाकं आणि दुसऱ्याला मागची दोन्ही. फक्त स्पर्धेसाठीच ठेवलेल्या गाडीत मला हा दुसरा पटतो. मात्र यात मूळचे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या चाकांचा दाब कमी ठेवणारे, जातात. त्यामुळे मागच्या पाइपमध्ये हाताने फिरवता येणारा एक व्हॉल्व्ह घालावाच लागतो, नाहीतर जोरात पेडल दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतील. हा व्हॉल्व्ह हँडब्रेकच्या सिलिंडरच्या आधी येतो. नंतर लावला तर तुमच्या लिव्हरचाच जोर तो कापेल.

सिलिंडर निवडताना आधी इनलेट बघा. प्लास्टिकच्या नळीचं तोंड असेल तर तो नुसत्या ऑइलच्या डबीसाठी आहे, पेडलचा दाब त्यातून नेता येत नाही. आट्यांचं आणि तो दाब सहन करणारं इनलेट लागतं. मग बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. लिव्हरचं गुणोत्तर ८:१ धरा आणि हाताची ओढ २० किलो. पिस्टनवर १६० किलो आले. ५/८ इंची बोअरवर त्याचे चौरस सेंटिमीटरला सुमारे ८० किलो होतात, ३/४ इंचीवर सुमारे ५६. पण ३/४ तेवढ्याच सरकण्यात जवळपास दीडपट ऑइल ढकलतो. ड्रमच्या गाडीत मी ५/८ पासून सुरू करतो, आणि त्याआधी ड्रम उघडून लायनर ॲडजस्ट करतो. लायनर आणि ड्रममध्ये फट राहिली की लिव्हर कोपरापर्यंत मागे येतो, आणि शिव्या सिलिंडरला पडतात.

लिव्हरची जागा खुर्चीत बसून, हेल्मेट घालून, बेल्ट कचकचून आवळून ठरवा. खांदे बांधलेले असले की हात वाटतो तेवढा लांब जात नाही. तळाच्या नुसत्या पत्र्याला बोल्ट मारू नका, काही दिवसांत पत्रा पापडासारखा वाकतो. खालून ३ मिमी जाडीची प्लेट, एम८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. ड्रिल लावण्याआधी गाडीखाली जाऊन पेट्रोलचा पाइप कुठून जातो ते बघा. केबलचा मूळ हँडब्रेक काढू नका. ड्रममध्ये तो स्वतंत्र चालतो आणि गाडी उभी ठेवायला तोच लागतो. हायड्रॉलिकचा दाब हळूहळू उतरतो.

पाइप ३/१६ इंची, स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा. साधा तांब्याचा नको, थरथरीने कडक होऊन तडकतो. मी तो केबिनच्या आतून नेतो, कारण आपल्याकडचा मुरूम खालून गोळ्या झाडल्यासारखा लागतो. जिथे पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट. आटे नीट जुळवा: एम१० बाय १ आणि ३/८ इंची यूएनएफ डोळ्यांना भाऊ-भाऊ दिसतात, पहिल्या दोन आट्यांत बसतातही, आणि दाब आला की सुटतात. अडॅप्टर लागलाच तर एमआयडीसीतल्या लेथवर करून घेण्यापेक्षा तयार, ब्रेकसाठीचाच घ्या. फ्लेअरच्या, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून केलेल्या जोडावर टेफ्लॉन टेप नको. तिथे सील धातूवर धातू दाबून होतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, पुशरॉड, म्हणजे लिव्हरकडून पिस्टनला ढकलणारी काडी. लिव्हर सोडलेला असताना पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण १ मिमी मोकळीक हवी. ती नसेल तर पिस्टन अर्धा पुढे राहतो आणि आरपार जाणारं भोक बंदच राहतं. मग पेडलचा दाब मागे पोहोचत नाही, किंवा तापलेलं ऑइल परत यायला वाट नसल्याने ब्रेक धरून बसतो.

हवा काढताना सिलिंडरचं आउटलेट सर्वांत वर येईल असा लिव्हर बोल्टांतून सोडवून तिरका धरा. उभ्या सिलिंडरमध्ये हवेचा बुडबुडा वरच्या टोकाला अडकतो आणि चाकाच्या, हवा काढायच्या निप्पलमधून कितीही ऑइल काढा, तो हलत नाही. आधी तिथला युनियन नट, म्हणजे पाइप जोडणारा नट, किंचित ढिला करून हवा घालवा, मग चाकांवर या, आधी पेडलने, मग लिव्हरने. डबीतलं ऑइल खाली जाऊ देऊ नका. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल वापरा, सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोऱ्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश, ओलावा शिरलेल्याचा १५५ धरतात. उघडी बाटली आपल्या पावसाळ्यात फळीवर राहिली असेल तर फेकून द्या. आणि रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलतो.

रात्रभर पेडल दाबून ठेवा, खुर्ची आणि पेडलमध्ये लाकडी दांडकं अडकवून. सकाळी प्रत्येक जोडावर टिश्यू फिरवा. मग मागची बाजू स्टँडवर घेऊन चाकं हाताने फिरवा: लिव्हर ओढला की दोन्ही एकदम थांबली पाहिजेत, सोडला की मोकळी. पेडलने पण तेच.

मैदानावर पहिल्यांदा ओल्या मातीत, ३०-४० च्या वेगात. स्टिअरिंग वळवा, क्लच दाबा, लिव्हर झटक्यात ओढा आणि लगेच सोडा. कोरड्या डांबरावर धरून ठेवलात तर टायर एका जागी घासून चपटा होतो. लिव्हरवर लॉकचं बटण असेल तर ते काढून टाका, घाईत ते अडकतं.

रोज बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जायच्या गाडीत मी हे बसवत नाही. स्पर्धेसाठी बसवणार असाल तर एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाच्या) नियमावलीत तुमच्या वर्गाला काय चालतं ते पाइप कापायच्या आधी वाचून घ्या. कापलेला पाइप परत जोडायला मी पैसे वेगळे घेतो.